रजेची उधारी : रायनएअरच्या वैमानिकांनी बारा हजार का नाकारले

सप्टेंबर २०१७ मध्ये रायनएअर या आयर्लंडच्या स्वस्त विमानकंपनीनं आपल्या कॅप्टनांपुढे एक सौदा ठेवला. वार्षिक रजेतले १० दिवस कंपनीला परत द्या आणि १२ हजार घ्या. ब्रिटनमधल्या तळांवर, म्हणजे वैमानिक जिथून कामाला निघतो त्या विमानतळांवर, पौंड, बाकी युरोपात युरो. फर्स्ट ऑफिसरना, म्हणजे आपण ज्यांना सवयीनं को-पायलट म्हणतो त्यांना, ६ हजार. भागाकार केला तर कॅप्टनला रजेच्या एका दिवसाचे १२०० पडत होते, तेही नेहमीच्या पगाराच्या वर. वैमानिकांनी नको म्हणून सांगितलं. रागावलेल्या चारदोघांचं हे उत्तर नव्हतं, एकामागून एक तळ तेच कळवत गेले.

भाव वाढवून घ्यायचा असेल, ही पहिली शंका. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण नकारात आणखी मोठ्या आकड्याची मागणी नव्हती. मागणी होती नव्या कराराची : ज्या देशात राहतो तिथल्या कायद्याचा करार, आणि तो तळातळानं वेगळा न करता सगळ्यांनी मिळून बसून केलेला. कंपनी पैसे पुढे करत होती आणि समोरचे कागद मागत होते. पुढचं वर्षभर दोघांचं बोलणं असंच एकमेकांच्या अंगावरून जात राहिलं. स्वस्त विमानकंपनीत वैमानिकाचा पगार म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायला मला हे प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं ते यामुळेच.

रोज चाळीस-पन्नास उड्डाणं

१५ सप्टेंबरला, शुक्रवारी, कंपनीनं जाहीर केलं की पुढचे सहा आठवडे रोज ४० ते ५० उड्डाणं रद्द होतील. वेळ पाळण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेलंय, ते सावरायचंय, असं कारण दिलं. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षांचे संप, खराब हवामान ही नेहमीची मंडळी यादीत होतीच. त्यांच्या शेजारी एक नवखं कारण बसलं होतं : वैमानिकांच्या रजा साचल्या आहेत. नेमकी कोणती उड्डाणं जाणार ते सगळं काही त्या दिवशी सांगितलं नाही, त्यामुळे शनिवार-रविवार लोक तिकीट हातात धरून बसले. सहा आठवड्यांची पूर्ण यादी सोमवारी आली. सुमारे ३ लाख १५ हजार प्रवाशांची गैरसोय. मुख्याधिकारी मायकल ओ'लिअरी यांनी हा घोळ आमचा आम्हीच घातलाय, हे पत्रकारांपुढे कबूल केलं.

२७ सप्टेंबरला दुसरा हप्ता आला. नोव्हेंबर ते मार्च २५ विमानं कमी उडणार, ३४ मार्ग स्थगित, सुमारे १८ हजार उड्डाणं रद्द, आणखी ४ लाख प्रवासी. त्याच दिवशी ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानं, प्रवाशांना त्यांचे हक्क धडपणे सांगत नाही म्हणून कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली.

ही काही डबघाईला आलेली कंपनी नव्हती. मार्च २०१७ ला संपलेल्या वर्षाचा नफा १३१ कोटी युरोंच्या वर. वर्षाला १२ कोटी प्रवासी, ४०० च्या आसपास विमानं, सगळी एकाच जातीची, बोइंग ७३७-८००. वैमानिक सुमारे ४,२००. पैसा होता, विमानं होती, प्रवासी तर होतेच. मग अडलं कुठे?

बारा महिन्यांची रजा, नऊ महिन्यांत

युरोपच्या नियमानुसार एका वैमानिकाला एका कॅलेंडर वर्षात ९०० तासांहून जास्त उडता येत नाही. रायनएअर हे वर्ष एप्रिल ते मार्च असं मोजत आली होती आणि रजेचं वर्षही त्याच्याच बरोबर चालायचं. ही सोय फार गोड होती. एप्रिलमध्ये सगळ्यांचे तास शून्यावर यायचे, युरोपचा उन्हाळा म्हणजे धंद्याचा हंगाम समोर असायचा. माणसं भरपूर उडवायची आणि रजा ढकलायच्या हिवाळ्याकडे, जेव्हा विमानंही कमी उडतात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च ही रजेची कोठारं होती.

आयर्लंडच्या विमान वाहतूक प्राधिकरणानं हे मोजमाप जानेवारी ते डिसेंबर करायला लावलं, १ जानेवारी २०१८ पासून. त्यामुळे २०१७ चं वर्ष अपुरं पडलं : एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने. रजा मात्र पूर्ण वर्षाची द्यायची, आणि त्या नऊतले पहिले सहा महिने हंगामाचे. रात्र थोडी आणि सोंगं फार. आपल्याकडे डिसेंबर आला की उरलेल्या किरकोळ रजा संपवायची जी घाई कचेऱ्यांत उडते, तीच इथे सप्टेंबरात उडाली; फरक इतकाच की टेबलावरचा माणूस नसला तर फाइल पडून राहते, आणि कॉकपिटमधला माणूस नसला तर १८९ प्रवासी पडून राहतात.

ढील किती कमी होती ते पाहण्यासाठी एक कच्चा हिशोब मांडतो. रायनएअरचं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, पाच दिवस काम, चार दिवस सुट्टी असं चालतं. नऊ दिवसांत पाच, म्हणजे वर्षाला २०३ कामाचे दिवस. एक विमान पहाटेपासून रात्रीपर्यंत दोन जोड्या उडवतात असं धरा. वर्षाच्या ७३० पाळ्या. ७३० ला २०३ नं भागलं की साडेतीन जोड्यांच्या थोडं वर उत्तर येतं. आता चार आठवडे रजा वजा करा : कामाचे दिवस १८७ उरतात, जोड्या जवळपास चार लागतात. ४०० विमानांना गुणलं तर नुसती रजा द्यायला सुमारे २४० वैमानिक हवेत, आणि तेही रजा वर्षभर समान वाटली गेली तर. मग त्यावर आजारपण, सिम्युलेटरचे दिवस, परीक्षा, स्टँडबाय, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांचं प्रमाण न जुळणं, तळ एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असणं. ४,२०० वैमानिक भागिले ४०० विमानं म्हणजे विमानामागे पाच जोड्या आणि चिमूटभर. त्या चिमटीवर सगळा संसार.

उतरलेलं विमान २५ मिनिटांत पुन्हा उड्डाणाला सोडायचं, ते दिवसभर जमिनीवर टेकू द्यायचं नाही, हा स्वस्त तिकिटाचा पाया. विमान कधी थांबत नसेल तर कुठेतरी कुणीतरी वाकायला हवं. ते वाकणं रायनएअरमध्ये रजेच्या वाट्याला आलं होतं. हंगामात कंपनी वैमानिकाकडून रजा उधार घ्यायची आणि हिवाळ्यात परत करायची. नियामकानं वर्षाची सीमा हलवली तेव्हा ही उधारी एकदम वसुलीला आली. बदल काही एका रात्रीत आला नव्हता, तारीख ठरलेली होती. कुणीतरी बेरीज केली नाही, किंवा केली आणि वाटलं की माणसं नेहमीसारखी निभावून नेतील.

पगाराच्या चिठ्ठीत काय असतं, काय नसतं

कॅप्टनचा वर्षाचा पगार लाखाच्या वर, असं कंपनी सांगायची आणि ते खोटं नव्हतं. पण तो आकडा दोन वेगळ्या माणसांचा होता.

एक, कंपनीचा थेट नोकर. त्याला मूळ पगार, वर सेक्टर पे, म्हणजे वेळापत्रकात ठरलेल्या उड्डाणतासांमागे ठरलेली रक्कम, आणि भत्ते. उडला नाही तर वरचा भाग जातो, पाया राहतो.

दुसरा, कंत्राटी. हा रायनएअरचा नोकरच नव्हे. त्यानं आयर्लंडमध्ये नोंदलेल्या एका छोट्या कंपनीत संचालक किंवा भागीदार व्हायचं, त्या कंपनीनं मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीशी करार करायचा आणि एजन्सीनं त्याला रायनएअरकडे उडायला पाठवायचं. वेतन फक्त ठरलेल्या उड्डाणतासाचं. विमान धावपट्टीवर दोन तास रांगेत उभं राहिलं तरी वेळापत्रकातले तास तेवढेच. आजारपणाचे पैसे नाहीत, रजेचे पैसे नाहीत, निवृत्तिवेतन स्वतःचं स्वतः पाहायचं. गणवेशापासून वैद्यकीय तपासणीपर्यंत खर्च आपलाच. या रचनेच्या करांबाबत जर्मन यंत्रणांनी २०१६ मध्ये रायनएअरच्या तिथल्या तळांवर झडत्याही घेतल्या होत्या. संशय वैमानिकांवर आणि एजन्सीच्या व्यवस्थेवर होता, विमानकंपनीवर नव्हे. ज्यानं ही व्यवस्था आखलीच नाही त्याच्याच दारात पोलीस, हा भाग मला फार बोलका वाटतो.

या दोघांच्याही मागे कर्ज असायचं. व्यावसायिक परवान्यासाठी लाखभर युरो सहज जातात. वर त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते उडवायची पात्रता, रायनएअरसाठी ७३७ ची, सुमारे ३० हजार युरो, तेही उमेदवाराच्या खिशातून. पंचविशीतला मुलगा उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या सीटवर बसतो तेव्हा त्याच्या मागे बँकेचा हप्ता बसलेला असतो.

न्याय दोन्हीकडे हवा. रायनएअरच्या नोकरीत एक खरं सुख होतं आणि आहे : पाच-चारचं रोस्टर आणि रोज रात्री घरी. लांब पल्ल्याच्या कंपनीतला माणूस महिन्यातले निम्मे दिवस परदेशातल्या हॉटेलात झोपतो. इथला माणूस संध्याकाळी मुलांना भेटतो. बढतीही झटपट, चार-पाच वर्षांत डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर. अनेक जण याच कारणासाठी तिथे राहिले आणि राहतात.

आता त्या १२ हजारांकडे परत या. अटी अशा होत्या की माणूस ऑक्टोबर २०१८ पर्यंत नोकरीत असला पाहिजे आणि तोवर वर्षाचे ८०० तास उडलेला असला पाहिजे. तास कोण ठरवतं? रोस्टर. रोस्टर कोण करतं? कंपनी. आणि हीच कंपनी त्या हिवाळ्यात २५ विमानं उभी ठेवणार होती. आजारी पडलात, बाळंतपणाच्या रजेवर गेलात, तळावरची उड्डाणं कमी झाली, तर रजाही गेली आणि बोनसही. थोडक्यात, आधीची उधारी फेडायला कंपनी नवी हुंडी लिहून देत होती, आणि ती कधी वटणार हे तिच्याच हातात होतं. वैमानिक हे आकडेमोडीवर जगणारे लोक आहेत. इंधन किती, वजन किती, पर्यायी विमानतळ किती लांब, हे रोज मांडणाऱ्यानं हा कागदही मांडून पाहिला.

हात दाखवून अवलक्षण

२१ सप्टेंबरला डब्लिनमध्ये भागधारकांची वार्षिक सभा होती. तिथे ओ'लिअरी यांनी आधी सांगितलं की ज्यांना सलग चार आठवडे रजा मिळाली आहे त्यांच्याकडून एक आठवडा परत घेऊ, जानेवारीत देऊ, आणि गरज पडली तर त्यांच्या संमतीशिवाय. मग कमी पल्ल्याचं उड्डाण हे काम कठीण कसं ते एखाद्या वैमानिकानं समजावून सांगावं असं आव्हान दिलं. वैमानिकांना स्वतःचं फार कौतुक असतं, अशा अर्थाचंही बोलले. वाकड्यात शिरलात तर देऊ केलेला खाऊ बंद, हेही सुचवून झालं.

ज्या आठवड्यात माणसांकडे उपकार मागायचा, त्याच आठवड्यात हे. त्यांची ही भाषा नवी नव्हती. तीस वर्षांची प्रसिद्धी त्यांनी अशाच फटकळपणावर फुकटात कमावली होती. पण तोवर समोर प्रवासी किंवा स्पर्धक असायचे. आता समोर अशी माणसं होती ज्यांना दुसरीकडे दार उघडं होतं. नॉर्वेजियन या स्पर्धक विमानकंपनीनं सांगून टाकलं की त्या वर्षात रायनएअरचे १४० वैमानिक आमच्याकडे आले. रायनएअरचं म्हणणं असं की दोन हजारांहून जास्त कॅप्टनांपैकी शंभराहूनही कमी गेले. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. वरचा पाच जोड्यांचा हिशोब आठवत असेल तर त्यातून शंभर कॅप्टन गेले की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

दोन आठवड्यांत सूर उतरला. ५ ऑक्टोबरला ओ'लिअरी यांनी सगळ्या वैमानिकांना पत्र लिहिलं, बोलण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पगार आणि सेवाशर्ती सुधारण्याचं वचन दिलं. डब्लिन, स्टॅनस्टेड, फ्रँकफर्ट आणि बर्लिन या तळांवर कॅप्टनांना वर्षाला १० हजार आणि फर्स्ट ऑफिसरना ५ हजारांची वाढ देऊ केली होती. रोस्टरचा विभाग ज्यांच्या हाताखाली होता ते मुख्य परिचालन अधिकारी मायकल हिकी यांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. योगायोग असा की त्याच दिवसांत मोनार्क ही ब्रिटिश विमानकंपनी बुडाली आणि एअर बर्लिन शेवटच्या घटका मोजत होती. बाजारात मोकळे वैमानिक येत होते. तरीही रायनएअरचे वैमानिक मागे हटले नाहीत. पैशांचाच प्रश्न असता तर हीच तडजोडीची वेळ होती.

कायदा कुठला, हाच पगार

पैशांपलीकडचं काय हवं होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९९८ मध्ये डब्लिनमध्ये रायनएअरच्या सामान चढवणाऱ्या कामगारांनी युनियनला मान्यता मिळावी म्हणून संप केला. तो इतका पसरला की विमानतळ बंद पडला. कंपनी वाकली नाही. २००४ मध्ये डब्लिनच्या वैमानिकांना जुन्या ७३७-२०० वरून नव्या ७३७-८०० वर जायचं प्रशिक्षण देताना कंपनीनं पत्रात अट घातली : प्रशिक्षणाचा १५ हजार युरो खर्च आम्ही करतो, पण पुढच्या पाच वर्षांत तुम्ही नोकरी सोडलीत, किंवा कंपनीला युनियनशी बोलायला भाग पाडलं गेलं, तर तो तुमच्याकडून वसूल. हे पत्र ज्या वादाचा भाग होतं तो आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. त्यानंतर दहा वर्षं कंपनीची पद्धत पक्की झाली. प्रत्येक तळाची आपली कर्मचारी प्रतिनिधी समिती, तिच्याशी त्या तळापुरता करार. ऐंशीहून जास्त तळ, तेवढीच वेगळी बोलणी. एका तळानं नाही म्हटलं तर विमान दुसऱ्या तळावर नेता येतं. वैमानिकांनी या समित्यांची युरोपभरची एक मोट बांधायचा प्रयत्न केला, तर कंपनीनं तिला ओळख दाखवली नाही.

करारांवर कायदा होता आयर्लंडचा. बेल्जियमच्या शार्लरवामध्ये राहायचं, तिथून पहाटे उडायचं, तिथेच रात्री उतरायचं, पण वाद झाला तर न्यायालय डब्लिनचं. कारण काय, तर विमान आयर्लंडमध्ये नोंदलेलं, म्हणून त्यात केलेलं काम आयर्लंडमध्ये केलेलं. शार्लरवाच्या काही केबिन कर्मचाऱ्यांनी याला आव्हान दिलं, आणि युरोपीय न्यायालयानं १४ सप्टेंबर २०१७ ला निकाल दिला : कर्मचारी नेहमी कुठे काम करतो ते ठरवताना त्याचा तळ हा महत्त्वाचा निकष आहे, विमानाची नोंदणी कुठली यावरून ते ठरत नाही.

१४ सप्टेंबर. रद्द उड्डाणांची घोषणा १५ ची. दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारण संबंध नाही. पण वैमानिकांच्या हाती एका आठवड्यात दोन गोष्टी आल्या, कंपनीची गरज आणि कायद्याचा आधार. स्थानिक कायदा म्हणजे नुसती भावना नव्हे. आजारपणात किती दिवस पगार मिळेल, पालकत्वाची रजा किती, नोकरीवरून काढताना नोटीस किती, निवृत्तिवेतनात मालकाचा वाटा किती, हे सगळं देशाप्रमाणे बदलतं. पगाराच्या चिठ्ठीत यातलं काहीच दिसत नाही आणि आयुष्याचा हिशोब मात्र यावरच ठरतो.

(कुठल्या गावच्या न्यायालयात जायचं हा प्रश्न आपल्याकडेही आला. २०२३ मध्ये मुंबईच्या अकासा एअरनं नोटीस पिरियड न पाळता गेलेल्या काही वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावे केले, तेव्हा वैमानिकांचा पहिला बचाव हाच होता की दावा मुंबईत चालू शकत नाही. न्यायालयानं तो मानला नाही. इथे मालक मुंबईत खेचू पाहत होता आणि माणसं नको म्हणत होती. शार्लरवात नेमकं हेच चित्र देशांच्या सीमा ओलांडून उभं होतं.)

नाताळच्या आधीचा शुक्रवार

डिसेंबरात आयर्लंड, जर्मनी, इटली, पोर्तुगाल इथल्या वैमानिक संघटनांनी संपाची भाषा सुरू केली. डब्लिनचा संप २० डिसेंबरला ठरला, म्हणजे आयरिश माणूस नाताळसाठी घरी परततो त्या आठवड्यात. १५ डिसेंबरला रायनएअरनं पत्रक काढलं : वैमानिकांच्या युनियनना मान्यता द्यायला तयार आहोत. तीस वर्षांहून जास्त काळ जे होणे नाही म्हणून सांगितलं, ते एका शुक्रवारी झालं. शेअर बाजारानं त्याच दिवशी कंपनीचा भाव दणकून खाली आणला. गुंतवणूकदारांना पगारवाढीची बातमी आधीच ठाऊक होती, तेव्हा ते इतके बिथरले नव्हते; युनियनच्या बातमीनं बिथरले. पैसा कुठे दडलाय ते बाजारालाही वैमानिकांइतकंच कळत होतं.

तरी जर्मनीत २२ डिसेंबरला पहाटे चार तासांचा संप झालाच, रायनएअरच्या इतिहासातला वैमानिकांचा पहिला. उड्डाणं काही मोठ्या प्रमाणात अडली नाहीत. जानेवारी २०१८ च्या अखेरीस ब्रिटनच्या वैमानिक संघटनेशी मान्यतेचा पहिला करार झाला आणि २० टक्क्यांपर्यंतची पगारवाढ बऱ्याच तळांवर लागू झाली.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण जुलै २०१८ मध्ये डब्लिनचे वैमानिक संपावर गेले, १२ तारखेला आणि मग आणखी चार वेळा. पगारवाढ हातात पडल्यानंतरचा हा संप. मागणी काय, तर सेवाज्येष्ठतेची यादी. रजा कुणाला आधी, बढती कुणाला आधी, हव्या त्या तळावर बदली कुणाला आधी, आणि नको त्या तळावर कुणाला पाठवायचं, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता कागदावर ठरलेल्या क्रमानं व्हावं. संपावरचे वैमानिक शंभरच्या आसपास, थेट नोकरीतले. कंत्राटी संप कसला करणार, तो तर स्वतःच एक कंपनी! कंपनीनं उत्तर दिलं की डब्लिनची सहा विमानं हिवाळ्यात पोलंडला हलवू, तीनशे नोकऱ्यांवर गदा येईल. १० ऑगस्टला आयर्लंड, जर्मनी, स्वीडन, बेल्जियम आणि नेदरलँड्स इथले वैमानिक एकाच दिवशी संपावर गेले. सुमारे ४०० उड्डाणं रद्द झाली. अखेर किअरन मलवी या मध्यस्थापुढे दोन्ही पक्ष बसले आणि ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात समझोता झाला. पोलंडचा बेत मागे घेतला गेला.

ज्याला दर वर्षी ऑगस्टात मुलांच्या शाळेच्या सुट्टीबरोबर रजा मिळेल की नाही हे ठाऊक नसतं, त्याच्यासाठी रजेचा क्रम हाच भत्ता असतो. तो पगाराच्या तक्त्यात बसत नाही म्हणून मनुष्यबळ विभागाला दिसत नाही, इतकंच.

किती महाग पडलं

रद्द उड्डाणांच्या भरपाईचा कंपनीचा अंदाज होता सुमारे अडीच कोटी युरो. ही किरकोळ रक्कम. खरी किंमत पुढच्या ताळेबंदात आली. कर्मचाऱ्यांवरचा खर्च मार्च २०१७ च्या वर्षात सुमारे ६३ कोटी युरो होता, पुढच्या वर्षी सुमारे ७४ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे ९८ कोटी. यात वाढलेली विमानं आहेत, शेवटच्या वर्षात ताब्यात घेतलेली लाउडा ही कंपनीही आहे, त्यामुळे सगळी वाढ या प्रकरणाच्या माथी मारणं बरोबर नाही. तरीही दोन वर्षांत दीडपट.

आणि ही वाढ टिकाऊ होती का? कोविडमध्ये, जुलै २०२० पासून, ब्रिटनसह अनेक देशांतल्या वैमानिकांनी २० टक्के कपात मान्य केली, चार वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं परत मिळेल या करारावर. फरक असा की ही कपात युनियनशी बसून झाली, परतफेडीच्या तारखांसह लिहिली गेली, आणि बदल्यात नोकऱ्या वाचवल्या गेल्या. धंदा सावरल्यावर बहुतेक देशांत पगार ठरल्याच्या आधीच पूर्ववत झाले. शार्लरवाच्या वैमानिकांचं मात्र जमलं नाही. ते २०२३ च्या उन्हाळ्यात पगार आणि विश्रांतीच्या वेळांसाठी संपावर गेले. कपात कमी-जास्त झाली तरी ती उधारी आहे, दान नाही, हे मात्र आता दोन्ही बाजूंना कागदावर मान्य होतं. २०१७ च्या रजेच्या वेळी तो कागदच नव्हता.

ता.क., आपल्याकडचं

हे लिहीत असताना डिसेंबर २०२५ मधली इंडिगोची दृश्यं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मुंबई, पुणे, नागपूरच्या विमानतळांवर बॅगांचे ढिगारे आणि फोन न उचलणारे काउंटर. तिथेही नियामकानं एक सीमा हलवली होती. दिल्ली उच्च न्यायालयापुढे ठरलेल्या वेळापत्रकानुसार वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांचे नवे नियम दोन टप्प्यांत आले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ ला : साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. तारखा आधीपासून भिंतीवर टांगलेल्या होत्या. ढील नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली.

आपल्या वैमानिकाला मात्र युरोपातल्यासारखं दार उघडं नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, रायनएअरचा घोळ होण्याच्या महिनाभर आधी, आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कॅप्टनसाठी नोटीस पिरियड १२ महिन्यांचा केला, को-पायलटसाठी ६ महिन्यांचा. रायनएअरचा कॅप्टन सप्टेंबरात चिडला तर नाताळपर्यंत नॉर्वेजियनच्या गणवेशात असू शकत होता. आपला कॅप्टन चिडला तर पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत त्याच रोस्टरवर.

नव्या नियमांबरोबर महासंचालनालयानं विमानकंपन्यांना एक सूचना दिली होती : साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये. माणसानं घेतलेली रजा ही त्याची रजा, विश्रांती ही विश्रांती, एकीत दुसरी वळती करायची नाही. इंडिगोची घडी विस्कटल्यावर रात्रीच्या उड्डाणांच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. आणि रजेची ती सूचना ५ डिसेंबरला सगळ्याच विमानकंपन्यांसाठी मागे घेण्यात आली.